कॉर्डस दुसऱ्यांदा जळतो

तुकडा पहिला : ग्रिल

फेब्रुवारीत ॲन आर्बरमध्ये कुणी कणसं भाजायचं ग्रिल उघडत नाही. म्हणून गुरुवारी सकाळी घरामागच्या लाकडी डेकवरच्या ग्रिलचं झाकण उघडं दिसलं, तेव्हा जगन्नाथकाका नुसत्या सपातांवर बाहेर गेले.

आत कागदाची राख होती. काळी, पापुद्र्यापापुद्र्यांची, अजून ऊब धरून असलेली. एक कोपरा तेवढा वाचला होता. त्यावर काकांच्याच अक्षरात निळ्या शाईनं लिहिलं होतं : क्रेम्युशियस कॉर्डसनं त्या दिवशी

त्या दिवशी काय, ते जळून गेलं होतं.

मुलगी सावनी धावत आली तेव्हा काका बर्फात उभे होते आणि सपाता भिजून गेल्या होत्या. त्यांच्या खोलीतलं हस्तलिखिताचं खोकं रिकामं होतं. लॅपटॉपमधलं फोल्डरही नाहीसं झालं होतं. नागपूरच्या कॉलेजात आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाचं हे एकुलतं एक पुस्तक. तेही अशा रोमन इतिहासकारावरचं, ज्याची पुस्तकं सिनेटच्या हुकमानं जाळली गेली होती.

"पोलिसांना फोन करू?" तळघरात भाड्यानं राहणाऱ्या अथर्वनं विचारलं.

"नको!" सावनी आणि तिचा नवरा सुशांत एकदमच ओरडले.

काकांनी दोघांकडे पाहिलं. मग खोलीत जाऊन त्यांनी आतून दार लावून घेतलं.

तुकडा दुसरा : राख

रेणू सोमवारी आली. विमा कंपनीसाठी आगी तपासणं हे तिचं काम. आग कुठे लागली, कशी लागली, आणि मुख्य म्हणजे कुणी लावली. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ती आरतीच्या ताटाजवळ गेली की लोक चेष्टेनं कापूर लपवतात.

तिला बोलावलं होतं अथर्वनं. "ताई, सगळे माझ्याकडे बघतायत," तो फोनवर म्हणाला होता. "कुणी बोलत काही नाही. फक्त बघतात. प्लीज या."

सुशांतनं काचेचं दार सरकवलं. "रेणू, यार, राखेत काय बघणार आता? जळलं ते जळलं."

"कुणी हलवली नाही ना?"

"झाकण मी लावलं. बाकी कुणी हात लावला नाही."

रेणूनं फोनचा टॉर्च राखेच्या अगदी बाजूला, आडवा धरला. कागद जळला तरी शाई पुष्कळदा मागे राहते. तिरप्या उजेडात ती काळ्यावर काळी चमकते. वरचे पापुद्रे फुलस्केपचे होते. त्यांवर काकांचं अक्षर होतं, आणि प्रत्येक पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ओढलेली एक लांब तिरकी रेघ.

तिनं चिमट्यानं खालचा थर उचलला. ही राख वेगळी होती. जड, पांढरट, जवळजवळ खापरासारखी. चकचकीत कागदात माती असते, तो जळला की अशी राख राहते. एका पापुद्र्यावर चित्र अजून ओळखू येत होतं.

भेंडी.

रेणूनं तो पापुद्रा हळूच परत ठेवला. सुशांत काचेच्या आतून बघत होता, आणि त्याच्या श्वासानं काच सारखी धुरकट होत होती.

डेकच्या उजवीकडे, वरच्या खिडकीच्या बरोबर खाली, बर्फावर पिवळे डाग होते.

"ते शेजारच्यांचं कुत्रं," सुशांत म्हणाला. "रोज येतं. डिसगस्टिंग."

डागांभोवती पंजे उमटले होते. खारींचे होते, रॅकूनचेही होते. कुत्र्याचे मात्र एकाही ठिकाणी नव्हते.

तुकडा तिसरा : खोली

"ये, आगवाली," काका म्हणाले. शाल पांघरून ते खुर्चीत बसले होते. आवाज नेहमीचाच होता, पण तो लांबून आल्यासारखा वाटत होता.

"काका, पुस्तकात होतं तरी काय? मला इंजिनिअरिंगला रोम नव्हतं."

ते हसले. शिकवायला मिळालं की हा माणूस नेहमी हसायचा.

"कॉर्डस राजाच्या विरुद्ध नव्हता ग. त्यानं मेलेल्यांबद्दल चांगलं लिहिलं, एवढंच. ब्रूटसची स्तुती केली, कॅशियसला शेवटचा रोमन म्हटलं. दोघांना जाऊन साठावर वर्षं झाली होती. टायबेरियसच्या राज्यात गुन्ह्याला तेवढंही पुरायचं. राजाचा उजवा हात सेजानस, आणि आरोप करणारी माणसं त्याची. आरोप करणं हा तिथं धंदाच होता."

"मग?"

"मग त्यानं सिनेटमध्ये भाषण केलं, घरी गेला, आणि निकालाची वाट पाहिली नाही. पुस्तकं जाळायचा हुकूम निघाला. पण त्याच्या मुलीनं, मार्सियानं, प्रती वाचवल्या. पुढच्या राजाच्या परवानगीनं पुस्तक परत निघालं. जाळलं होतं म्हणूनच लोकांनी ते जास्त हौसेनं वाचलं."

"म्हणजे आज मिळतं ते?"

"चार-दोन तुकडे. आगीला जमलं नाही ते पुढच्या शतकांच्या हेळसांडीला जमलं. त्याचा इतिहास गेला, त्याची गोष्ट राहिली. आजही कुठं पुस्तक जाळलं की जाणकारांना आधी कॉर्डस आठवतो."

"निकालाची वाट पाहिली नाही, म्हणजे काय केलं?"

काकांनी आपला फोन पुढे केला. काका दर रविवारी नवं प्रकरण ऑनलाइन वाचून दाखवायचे. नागपूर, चँडलर, पिस्कॅटवे, कुठूनकुठून माणसं ऐकायला बसायची. अनोळखी नंबरावरून आलेला पहिला मेसेज होता :

*रविवारचं वाचन आम्ही ऐकतो.*

दुसरा मेसेज पुस्तक जळायच्या आदल्याच आठवड्यातला होता :

*अर्पणपत्रिकेत मुलीचं नाव घालताय. तिच्या व्हिसाचा विचार केलात का?*

रेणूनं तो मेसेज पुन्हा वाचला.

"मी शोधून काढते, काका."

"नको," ते म्हणाले. त्यांनी फोन परत शालीखाली घेतला. "तपास नको मला. खटला आता संपतच आलाय."

तुकडा चौथा : तळघर

"माझ्यावरच संशय, कारण लिंक मी पाठवतो आणि रेकॉर्डिंग मी करतो," अथर्व म्हणाला. तो मटेरियल सायन्समध्ये पीएचडी करत होता. टेबलावर रामेन नूडल्सचे तीन रिकामे कप होते. "सावनीताई परवापासून मला चहासुद्धा विचारत नाहीत. आधी डबा पाठवायच्या हो!"

"दुसरा मेसेज वाचलास?"

"वाचला. पण अर्पणपत्रिका काकांनी वाचली कधी? माझ्या एकाही रेकॉर्डिंगमध्ये नाही ती."

"नक्की?"

"हंड्रेड पर्सेंट. त्याच्या आधीच्या रविवारी तर वाचन कॅन्सल होतं. आईस स्टॉर्म झालं ना, अख्ख्या भागात लाइट नव्हते. मी इथं नव्हतोच. पिस्कॅटवेला होतो, प्रथमेशकडे." त्यानं फोनमधले फोटो दाखवले. न्यू जर्सीतलं लग्न, फेट्यातला अथर्व, ताटातली जिलेबी.

म्हणजे अर्पणपत्रिका बाहेरच्या कुणी ऐकलीच नव्हती.

रेणूनं वर पाहिलं. तळघराच्या छतावर पावलं वाजत होती. ती मध्येच थांबली. बरोबर त्यांच्या डोक्यावर.

तुकडा पाचवा : सुशांत

*(प्रश्न जळाले आहेत. उत्तरं तेवढी उरली.)*

— हो, त्या रविवारी लाइट नव्हते. मग?

— मेणबत्ती लावून जेवलो. बाबांनी टेबलावरच वाचून दाखवलं. अर्पणपत्रिका वगैरे. सावनी रडलीसुद्धा.

— फोन सगळे गाडीत होते, चार्जिंगला. गराजमध्ये. लॅपटॉप डेड.

— मीच नेऊन लावले.

— पाहुणे? त्या बर्फात कोण येणार, यार?

— काय म्हणायचंय तुला?

— हे बघ, तू सिटिझन आहेस. तुला नाही कळणार. आमचं व्हिसाचं एक्स्टेन्शन पेंडिंग आहे. माझ्या टीममधल्या एकाला एअरपोर्टवर बाजूला घेऊन फोन उघडायला लावला. तो आता मुलीच्या वाढदिवसाचे फोटोसुद्धा टाकत नाही. आणि माझ्या घरातून दर रविवारी एक माणूस जगाला वाचून दाखवतो की राजे घाबरले की पुस्तकं जाळतात. बेल वाजली की मी आधी पडद्यामागून बघतो. पिझ्झावाला असला तरी.

— नाही. मी नाही जाळलं. देवाशपथ.

*(इथे प्रश्न नव्हता. रेणू नुसती बघत होती.)*

— जाळलं नाही म्हटलं ना मी!

तुकडा सहावा : ट्रे

सावनी सिंकपाशी उभी होती. बाबांच्या दुपारच्या जेवणाचा ट्रे नुकताच खाली आला होता.

रेणूनं स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. "सावनी, भेंडीचा भाव काय होता?"

"काय?"

"जाहिरातीत. पुस्तक जाळलं नाहीस तू. ग्रोसरीच्या जाहिरातींचा गठ्ठा जाळलास, आणि वर थोडी खरी पानं ठेवलीस, बाबांना अक्षर दिसावं म्हणून."

सावनीनं नळ बंद केला नाही. उलट आणखी सोडला, आवाज व्हावा म्हणून.

"शत्रूनं सगळं जाळलं असतं," रेणू हळू आवाजात म्हणाली. "आणि जी खरी पानं जळली, त्या प्रत्येकावर तिरकी रेघ आहे. काकांनी रद्द केलेली पानं ती. रद्द कुठली नि चालू कुठली हे टाइप करणाऱ्यालाच ठाऊक. टाइप तूच करतेस ना?"

"हळू बोल. इथं सगळं ऐकतात." सावनीचे ओठ जेमतेम हलत होते. "घरात बोललेलं त्यांना कळलं, रेणू. मेणबत्तीच्या उजेडात बोललेलं. कसं कळलं? मला वाटलं अथर्व. मग वाटलं भिंतीत काहीतरी आहे. मी स्मोक डिटेक्टरसुद्धा उघडून पाहिला."

"मग बाबांना का नाही सांगितलंस?"

"बाबांना नाटक येतं का कधी? ऐकणाऱ्यांना पटायला हवं होतं, की पुस्तक संपलं. बाबांचा चेहरा बघून पटायला हवं होतं. महिन्यानं ते नागपूरला परत जायचेत. एअरपोर्टवर, ते आत जाताना, मी त्यांच्या कानात सांगणार होते." तिनं डोळे पुसले, साबणाच्या हातानंच. "पुस्तक गाडीत आहे. डिकीत, स्टेपनीच्या खाली. पेन ड्राइव्हही."

मार्सिया, रेणूच्या मनात आलं. सिंकपाशी उभी असलेली.

तिनं ट्रे जवळ ओढला. ताट चकचकीत होतं. वाटीच्या तळाशी वरणाचा पिवळा ओघळ. ताटाभोवतीचा ट्रे अगदी कोरडा, साफ.

"तू पुसलास हा?"

"नाही, असाच आला. बाबा हल्ली खोलीतच जेवतात. ताट रोज स्वच्छ येतं. मला तेवढंच बरं वाटतं, की जेवण तरी जातंय."

"सावनी, काका चित्राहुती घालायचं कधी चुकतात?"

"बाबा? विमानातसुद्धा घातली होती. ट्रे टेबलवर पाणी फिरवून, शितं मांडून. एअर होस्टेस बघत राहिली." सावनी हसली. आणि हसता हसता तिचा चेहरा पांढरा पडला.

ताटाच्या उजवीकडे मांडलेली भाताची शितं. ती रोज स्पंजानं पुसायची, मग ट्रे धुवायची. आयुष्यभराची सवय.

"शेवटची शितं कधी पुसलीस?"

"गुरुवारपासून..." तिनं कोरड्या ट्रेवरून बोट फिरवलं. "गुरुवारपासून नाहीतच."

ताट रिकामं दिसायला हवं, हे काकांना आठवलं होतं. जेवण्याची खूण मात्र जेवणारा माणूसच मागे ठेवतो. आणि खिडकीखालचे डाग हळदीचे होते.

रेणू जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली.

तुकडा सातवा : खिडकी

दार आतून लावलेलं होतं. सावनीनं नाण्यानं बाहेरून लॅच फिरवला.

काका पलंगावर आडवे होते. डोळे उघडे. खिडकी बोटभर वर सरकवलेली, आणि तिच्या चौकटीला एक शीत चिकटून वाळलं होतं.

"कॉर्डसनं हेच केलं होतं, हो ना?" रेणू त्यांच्या उशाशी बसली. "निकालाची वाट न पाहता."

"एका तत्त्वज्ञानं मार्सियाला लिहिलंय," काका पुटपुटले. "नोकरांना बाहेर काढलं. थोडं अन्न खिडकीतून टाकलं, खाल्ल्यासारखं दिसावं म्हणून. चौथ्या दिवशी अंगात त्राण राहिलं नाही, तेव्हा मुलीला कळलं. आरोप करणारे चिडले. म्हणाले, आमचा माणूस हातचा निसटतोय."

रेणूनं तोवर फोन लावला होता. पत्ता, वय, चार दिवस पोटात काही नाही, बीपीची गोळी चालू. ॲम्ब्युलन्स निघाली होती.

सावनी त्यांच्या छातीवर डोकं टेकून रडत होती. "बाबा, पुस्तक आहे! मी जाळलं नाही. गाडीत आहे. सगळं आहे, शेवटचं प्रकरणसुद्धा."

काकांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. चेहऱ्यावर इतका आनंद होता, की रेणूला वाटलं, सुटलो आपण.

"शहाणी माझी बाय," ते म्हणाले. "मग तर उत्तमच झालं. पुस्तक राहील. आणि मी गेलो की आरोपी राहणार नाही. तिकडे निकालाआधी माणूस गेला तर बहुधा घरदार वाचायचं. तुझ्यावर आता कुणी बोट ठेवणार नाही."

सावनीनं साखरपाण्याचा चमचा पुढे केला. त्यांनी तोंड मिटून घेतलं.

तेव्हा कुठे रेणूला खरी भीती वाटली. पुस्तकाच्या दुःखानं उपाशी राहिलेल्या माणसाला पुस्तक देता येतं. हा माणूस दुःखानं उपाशी नव्हता. त्यानं हिशेबानं ठरवलं होतं, आणि तो हिशेब चुकलाय हे सांगू शकणारा माणूस घरात एकच होता.

ती जिन्याच्या तोंडाशी गेली. सुशांत खालच्या पायरीवर उभा होता. वर यायला पाय उचलत नव्हता.

"वर ये," रेणू म्हणाली. "त्या टेबलाशी तिघंच होते, सुशांत. फोन नव्हते, लॅपटॉप नव्हते, अथर्व न्यू जर्सीत होता. काकांनी स्वतःला मेसेज पाठवला नाही. सावनीनं पाठवला असता तर तिला स्मोक डिटेक्टर उघडून बघावा लागला नसता. राहिलं कोण?"

"मी फक्त..."

"मला नको सांगू. त्यांना सांग. ते मरतायत तुझ्या मेसेजपायी."

तुकडा शेवटचा

सुशांत पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. सावनीनं त्याच्याकडे पाहिलं आणि ती उठून भिंतीपर्यंत मागे गेली.

"बाबा, बाहेरचं कुणी नाहीये," तो म्हणाला. "कुणीच नाही. मीच होतो. एका ॲपवरून नंबर घेतला. वाटलं, तुम्ही घाबराल आणि वाचन बंद कराल, बस. सावनीचं नाव पुस्तकावर... मला सहन झालं नाही. असं काही होईल असं खरंच..."

"तिच्या व्हिसाबद्दलचं," काका म्हणाले. "ते तू लिहिलंस."

"हो."

"लिहिताना हात थरथरला?"

सुशांतला हा प्रश्न समजला नाही. कुणालाच समजला नाही.

"थरथरला," तो म्हणाला.

काकांनी कोपरावर उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही. रेणूनं पाठीला आधार दिला.

"माझं एक प्रकरण फसलंय," ते सावकाश बोलू लागले. "आरोप करणाऱ्यांचं. कॉर्डसवर ज्यांनी आरोप केला, त्यांची नुसती नावं राहिली. मी त्यांना लांडगे करून टाकलं. घरी बायको होती का त्यांना, झोप लागायची का, स्वतः कुणाला घाबरायचे, काही लिहिलं नाही. माहीतच नव्हतं. कुठल्या पुस्तकात नव्हतं." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "सावनी, दे ते पाणी."

तिनं चमचा लावला. एक. थांबून आणखी एक. निम्मं पाणी शालीवर सांडलं.

"मी तुला माफ केलेलं नाही," काका सुशांतला म्हणाले. "ते नंतर बघू. आधी बस इथं. सुरुवातीपासून सांग. पहिल्यांदा भीती कधी वाटली?"

सुशांत बसला. त्याची नजर खिडकीकडे गेली, दाराकडे गेली, छतावरच्या स्मोक डिटेक्टरकडे गेली. मग तो कुजबुजत बोलायला लागला, इतकं हळू की शेजारी बसलेल्या रेणूलाही शब्द लागेनात.

खाली गाडी थांबली. लाल-निळा उजेड छतावर फिरू लागला. जड बुटांची पावलं पोर्चवर आली आणि दारावर थाप पडली.

ॲम्ब्युलन्स त्यांनीच बोलावली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सुशांतचं वाक्य अर्ध्यात तुटलं. सावनी भिंतीला चिकटली. रेणूनंही श्वास रोखून धरला, आणि कुणी जागचं हललं नाही.

पुन्हा थाप पडली.

"रेणू, दार उघड त्यांना," काका म्हणाले. मग त्यांनी जावयाच्या मनगटावर हात ठेवला. "तू थांबू नकोस. आणि मोठ्यानं सांग."